पान पिवळं पडलं? खत राहू द्या, आधी कुंडीत बोट घाला

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत प्रश्न एकच आहे, "पानं पिवळी पडलीत, कुठलं खत घालू?" मला अगदी मनापासून सांगायचंय की खत हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पान पिवळं पडायला पाणी जास्त झालेलं असतं, कधी कमी झालेलं असतं, उजेड कमी असतो, कीड असते, मुळं कुजलेली असतात, पाण्यात क्षार असतात, नाहीतर ते पान नुसतंच म्हातारं झालेलं असतं. यातल्या निम्म्या कारणांत खत घातलं की झाड सुधारायच्या ऐवजी लवकर जातं. म्हणून फोटो पाठवताना नुसता झाडाचा नको, पानाच्या मागच्या बाजूचा, मातीचा आणि कुंडी कुठे ठेवलीय त्या जागेचा पण पाठवा, बरंचसं निदान तिथेच होतं.

प्रश्न : ताई, माझ्या पीस लिलीने मान टाकलीय. मी रोज न चुकता पाणी घालते तरी पानं लोंबतात, खालची दोन-तीन पिवळी पण झालीत. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला आहे, सिरॅमिकच्या कुंडीत. खत कमी पडतंय का? (डोंबिवली)

तुमच्या पत्रातले "रोज न चुकता" हे शब्द वाचले आणि बरंच काही कळलं. पीस लिली तहानली तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी मान टाकते, वरून बघून दोन्ही अगदी सारखंच दिसतं, आणि इथेच सगळ्यांची गडबड होते कारण लोंबलेलं झाड दिसलं की आपला हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. फरक ओळखायचा एकच मार्ग, बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी आणि कुंडी उचलून हलकी लागली तर तहान आहे, भरपूर पाणी द्या, काही तासांत झाड उभं राहील. माती ओली आणि तरी झाड लोंबलेलं, तर मुळांना पाणी ओढताच येत नाहीये, म्हणजे मुळं गेलीत. तुमचं रोजचं पाणी बघता मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

आता एक करा. झाड कुंडीतून बाहेर काढा, घाबरू नका, पीस लिली फार सोशीक आहे. सिरॅमिकच्या शोभेच्या कुंडीला बऱ्याचदा खाली भोकच नसतं, आत नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवलेली असते आणि तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं असतं, ते आधी तपासा. मग मुळं नळाखाली हलक्या हाताने धुवा. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट क्रीम रंगाचं आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत नुसता दोऱ्यासारखा धागा उरतो. वास पण येतो, गटारासारखा. असली सगळी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, पिवळी पानं काढा, जुनी माती फेकून द्या आणि उरलेल्या मुळांना जेमतेम बसेल अशा लहान कुंडीत लावा. मोठी कुंडी नको, कारण जिथे मुळं नाहीत तिथली माती वाळतच नाही. मातीत तिसरा हिस्सा तरी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तेवढंच परलाइट (हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. एकदा पाणी द्या आणि मग वरची दोन इंच माती कोरडी होईपर्यंत थांबा. नवीन पान येईस्तोवर खत अजिबात नाही, कारण दुखावलेल्या मुळांना खतातले क्षार अजून भाजतात.

बऱ्याच जणांना वाटतं पाणी जास्त झालं म्हणजे झाड "बुडतं". खरं तर मुळांनाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो, त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग कमजोर मुळांवर बुरशी चढते. आणि हो, कुंडीच्या तळाशी खडे-विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो असं जे सगळीकडे सांगतात ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांमध्ये सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून बसतं, उलट मुळांच्या जवळ येतं. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवला की पुरे.

टीव्हीच्या बाजूचा उजेड पण एकदा तपासा. दुपारी तिथे पानांच्या वर हात धरा. सावलीला कडा असतील तर ठीक, अंधुक सावली असेल तर कामचलाऊ, सावलीच पडत नसेल तर तिथे कुठलंच झाड ठेवू नका. आपल्या डोळ्यांना कमी उजेडाची सवय होते त्यामुळे आपल्याला घर लख्ख वाटतं, पण खिडकीपासून चार पावलं आत आलं की झाडाला मिळणारा उजेड खूपच कमी झालेला असतो. आणि उजेड कमी म्हणजे झाड पाणी पण कमी पितं, पावसाळ्यात तर दमट हवेने अजून कमी. म्हणून वार ठरवून पाणी घालायचं सोडा.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय. कळ्या उमलायच्या आधीच गळतात, पानं चिकट आणि काळी झालीत, मुंग्या तर रांगच्या रांग. दुकानदाराने एक औषध दिलं, फवारलं, आठ दिवसांत परत तेच. (सांगली)

हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. तुमच्या सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना विचारलंत तर ते यावर तासभर बोलतील, इतका त्यांचा जुना वैरी आहे.

आधी हे समजून घ्या की परत का येतो. त्या कापसाच्या गोळ्यात अंडी असतात, एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि त्या मेणचट कापसावरून पाणी घरंगळून जातं, औषध आत पोचतच नाही. फवारणीने बाहेरचे मरतात, आतली अंडी शाबूत राहतात, आठवड्याभरात पिल्लं बाहेर. त्यामुळे एका फवारणीत हा जात नाही म्हणजे नाही, दर सात दिवसांनी तीन-चार वेळा करावीच लागते आणि मध्ये एक जरी चुकली तरी पहिल्यापासून सुरुवात.

काय करायचं ते सांगते. सगळ्यात जास्त भरलेले शेंडे कापा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नको आणि बाल्कनीतून खाली तर नकोच नको. मग बाथरूममध्ये नेऊन पाण्याचा जोरदार फवारा मारा, पानांच्या खाली, फांदीच्या बेचक्यात, अर्धे ढेकूण इथेच धुऊन जातात. उरलेल्यांना सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड लावा, स्पिरिटने मेण विरघळतं आणि ढेकूण पांढऱ्याचा तपकिरी होतो, म्हणजे काम झालं. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली लिक्विड सोप घालून चांगलं हलवा. साबण महत्त्वाचा, त्याच्याशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर नुसतं तरंगतं आणि मग एका फांदीला सगळं तेल, दुसरीला नुसतं पाणी. संध्याकाळीच फवारा, उन्हात तेल लावलेलं पान करपतं. पहिल्यांदा दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा आणि मगच पूर्ण झाडावर.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकट पाणी बाहेर टाकतो, ते मुंग्या खातात, त्या बदल्यात त्याची राखण करतात आणि त्याची पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर नेऊन पण ठेवतात. तुमची काळी झालेली पानं म्हणजे त्याच गोड पाण्यावर वाढलेली काळी बुरशी, ती ओल्या फडक्याने पुसली जाते, तिला वेगळं औषध लागत नाही. कुंडी एका विटेवर ठेवा, वीट पाणी भरलेल्या ताटात, आणि झाडाच्या फांद्या भिंतीला किंवा ग्रिलला टेकत नाहीत ना ते बघा, नाहीतर मुंग्या तिकडून पूल करतात.

आता एक गोष्ट जी बघून फार हळहळ वाटते. झाडावर कधीकधी पांढरी झिपरी अळी दिसते, अगदी पिठ्या ढेकणासारखीच पण मोठी, अंगावर लांब लांब पांढऱ्या झालरी आणि चांगली भरभर चालणारी. तिला मारू नका! ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी आहे, ती आणि मोठा झालेला भुंगेरा दोघंही पिठ्या ढेकूण खातात. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे १८९८ मध्ये मुद्दाम आणला गेला, आता बागायतदार तो विकत घेऊन सोडतात. मोठा भुंगेरा साधारण मसुराच्या डाळीएवढा, काळपट, डोक्याकडून नारिंगी. ओळख सोपी ठेवा, पिठ्या ढेकूण डिवचला तरी आळसटासारखा बसून राहतो किंवा हळूहळू सरकतो, ही अळी पळते. ती दिसली तर फवारणी थांबवा आणि फक्त मुंग्या आवरा, कारण मुंग्या तिला पण हाकलतात.

दुकानदाराने दिलेल्या बाटलीवर इमिडाक्लोप्रिड लिहिलं असेल तर ती जास्वंदीला वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते झाडाच्या रसात शिरतं, फुलातल्या मधात पण जातं, जास्वंदीवर दिवसभर शिंजीर पक्षी आणि मधमाश्या येत असतात, शिवाय फूल आपण देवाला वाहतो, केसांच्या तेलात घालतो. निंबतेलाने भागलं नाही तर कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम लेकॅनी मागा. ही किडीवर वाढणारी मित्रबुरशी आहे, हवेत दमटपणा असताना चांगलं काम करते, म्हणजे पावसाळ्यात संध्याकाळी मारायला उत्तम. मात्र तिच्याबरोबर कुठलंही बुरशीनाशक मारलंत तर तीच मरून जाईल.

प्रश्न : कढीपत्त्याची नवीन पालवी पिवळीधम्मक येते, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत, ताक, गंजलेले खिळे सगळं घालून झालं. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे. शिवाय पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या अळ्या आहेत, त्यांचं काय करू? (वाघोली, पुणे)

पिवळेपणा वरून सुरू झालाय की खालून, हे बघायला शिकलात की निम्मं डॉक्टर झालात. नत्र (नायट्रोजन) झाडाच्या आत फिरतं, कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं सबंध पिवळी होतात. लोह तसं फिरत नाही, जिथे बसलं तिथे बसलं, म्हणून कमी पडलं की नवी पालवीच पिवळी येते आणि शिरा हिरव्या राहतात. तुमचं दुखणं लोहाचं आहे. उसावर केवडा पडला म्हणतात ना, तोच हा.

पण मातीत लोह नाही असं नव्हे. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं, आपली काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर जमलाय का बघा, जमलेला असणारच. म्हणूनच खिळे घालून उपयोग होत नाही, गंज म्हणजे न विरघळणारं लोह, ज्या मातीत आधीचंच लोह अडकून पडलंय तिथे अजून थोडं अडकणार. ताकाने थोडासा आंबटपणा येतो पण लोह येत नाही, आणि जास्त घातलं तर वास आणि माश्या.

कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, घेताना पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. ईडीटीए लिहिलं असेल तर ते फवारणीला घ्या, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांनी परत. मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए लिहिलेलं हवं, ते पाण्यात लालभडक दिसतं आणि अल्कधर्मी मातीतही टिकतं, ईडीटीए तिथे लगेच निकामी होतं. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढची पालवी बघून ठरवा. आणि मूळ कारण पाणी आहे, तेव्हा पावसाळ्यात गच्चीवरून पडणारं पाणी ड्रममध्ये साठवा, एसीचं पाणी वापरा, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल असं धुऊन काढा म्हणजे साठलेले क्षार निघून जातील.

अळ्यांबद्दल, त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या आहेत. लहानपणी विष्ठेसारख्या दिसतात म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. झाड मोठं असेल तर राहू द्या, थोडी पानं जातील आणि घरात मुलं असतील तर कोष ते फुलपाखरू सगळं डोळ्यांनी बघता येईल. झाड हातभरच असेल तर मात्र चार-पाच अळ्या दोन दिवसांत त्याचा खराटा करतात, मग उचलून बाहेरच्या एखाद्या लिंबाच्या झाडावर सोडा. औषध नको, तीच पानं आपण फोडणीत घालतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर वर्षी उन्हाळ्यात तुळस छान फोफावते आणि तुळशीचं लग्न होतंय न होतंय तोच पानं गळून काड्या उरतात. घरात हीटिंग चालू असतं, थंडी लागत नाही. काय चुकतं? (न्यू जर्सी)

तुमचं काही चुकत नाही, सूर्य कमी पडतोय. डिसेंबरात तिकडे दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा, त्यातही ढग, आणि काचेतून येणारा उजेड अजून कमी. तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. दुसरं म्हणजे हीटिंगने हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड जोमात वाढते. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी टिचकीने झटका, कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि ते चालायला लागले तर तो कोळी आहे. हातात धरायच्या शॉवरने पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा धुवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आटोक्यात येतो. तीर्थात आणि चहात घालायची पानं आहेत तेव्हा दुसरं काही मारण्याआधी हेच नीट करून बघा.

रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जायच्या आधी, म्हणजे तिकडे साधारण सप्टेंबरच्या शेवटाला, कुंडी आत घ्या. दक्षिणेकडची खिडकी, वर एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून वीतभर अंतरावर, टायमर लावून रोज १२ ते १४ तास. पाणी उन्हाळ्याच्या निम्मं. मंजिऱ्या येताच खुडा, झाड बी धरायला लागलं की पानं करायचं सोडतं.

तरीही एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तुळस फार वर्षं जगणारं झाड नाही, दोन-तीन वर्षांत इथे महाराष्ट्रात पण खोड लाकडासारखं होतं आणि ती जाते. म्हणून आमच्याकडच्या बायका मंजिऱ्या चुरडून शेजारच्या कुंडीत टाकत राहतात. तुम्ही पण सप्टेंबरात वाळलेल्या मंजिऱ्या कागदी पाकिटात ठेवा. बी मातीत गाडायचं नाही, ओल्या मातीवर भुरभुरून नुसतं दाबायचं, उबदार जागी आठ-पंधरा दिवसांत उगवतं. किंवा आत्ताच हिरवा शेंडा कापून पाण्याच्या ग्लासात ठेवा, मुळं फुटतात. मार्चमध्ये सुरुवात केलीत तर मेपर्यंत हातभर रोप तयार.

प्रश्न : कुंड्यांतून बारीक काळी चिलटं उडतात, जेवताना ताटात येतात. (ठाणे)

माती सतत ओली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही चिलटं ओल्या कोकोपीटमध्ये आणि अर्धवट कुजलेल्या खतात अंडी घालतात, अळ्या मातीतली बुरशी खातात आणि कोवळी मुळं पण. वरची दोन इंच माती पूर्ण कोरडी होऊ द्या, पाणी काही दिवस खालच्या ताटलीतून द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. पिवळे चिकट कार्ड कुंडीत खोचा, उडणारी त्यावर चिकटतात. कुठल्या कुंडीत अळ्या आहेत ते शोधायचं असेल तर बटाट्याची चकती मातीवर रात्रभर ठेवा, सकाळी उलटून बघा, काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या त्याला लागलेल्या दिसतील. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा महिनाभर नेटाने करा. साखर-दुधाच्या चहाचा चोथा मातीत घालत असाल तर तो आजपासून बंद.

प्रश्न : नर्सरीतून आणलेला गुलाब दर वेळी पंधरा-वीस दिवसांत मरतो. आणताना फुलांनी भरलेला असतो. फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते. (नाशिक)

हे पत्र वाचून बऱ्याच जणांना आपलंच वाटेल. नर्सरीतली रोपं बहुतेक वेळा चिकट लाल मातीच्या गोळ्यात लावलेली असतात, वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून. आपण तो गोळा तसाच नव्या भुसभुशीत मातीत बसवतो. मग होतं असं की पाणी भोवतीच्या सैल मातीतून खाली निघून जातं, आतला गोळा वाळून दगड होतो, नाहीतर चुकून भिजला तर आठवडाभर चिखलच राहतो. दोन्हीकडून मुळं मरतात आणि वर फांदी काळी पडायला लागते.

आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाई नको. आठ दिवस सावली-उन्हाच्या जागी ठेवा, फुलं आणि कळ्या खुडा, जीव तुटतो ते करताना पण मुळांना सावरायला तेवढीच ताकद मिळते. मग गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बोटांनी बाहेरची माती हळूहळू सुटी करा, निम्मी निघाली तरी चालेल, आतली मुळं ओढू नका. हे काम पावसाळ्यात किंवा थंडीत करा, एप्रिल-मेमध्ये नाही. लावताना डोळा भरलेली गाठ, म्हणजे जिथे कलम जोडलेलं असतं ती, मातीच्या वर राहिली पाहिजे. त्या गाठीच्या खालून फुटणारे जोमदार फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम केलंय त्या खालच्या झाडाचे असतात, त्यांना तुमचा गुलाब येत नाही, ते बुडातून काढत राहा नाहीतर तेच सगळं खाऊन टाकतात.

काळी पडलेली फांदी काळ्या भागाच्या दोन बोटं खाली, हिरव्या जागी तिरकी कापा. कापलेल्या तोंडात आतला गर पांढरा-हिरवा दिसला पाहिजे, तपकिरी ठिपका असेल तर अजून खाली. तोंडावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा. महिनाभर खत नाही.

प्रश्न : अरेका पामच्या पानांची टोकं वाळून तपकिरी होतात. आरओचं वाया जाणारं पाणी घालते. (नागपूर)

पाणी वाचवताय हे चांगलंच आहे, पण घरात नळाचं गोडं पाणी असेल तरच ते कुंडीला चालतं. बोअरच्या पाण्यावर आरओ असेल तर बाहेर टाकलेल्या पाण्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, ते पानाच्या टोकाशी साठतात आणि टोक जळतं. ते पाणी फरशी पुसायला वापरा, अरेकाला कूलर-एसीच्या वाऱ्यातून बाजूला करा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी पण घालू नका, त्यातही क्षार वाढलेले असतात. तुमच्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत टोकं थोडी वाळणारच, तिरकी कात्रून टाका पण हिरव्या भागात कात्री लावू नका.

प्रश्न : मोगरा हिरवागार आहे, दोन वर्षांत एक फूल नाही. युरिया पण घातला. (कोल्हापूर)

युरियामुळेच तो हिरवागार आहे आणि त्यामुळेच फुलत नाहीये, नत्र मिळत राहिलं की झाड पाल्यातच रमतं. युरिया बंद करा. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडा, दहा-बारा दिवस ताण द्या, पानं थोडी मलूल होतील तेवढा, पूर्ण वाळवायचा नाही. मग फांद्या एक तृतीयांश छाटा, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा, माती खुरप्याने उकरून मूठभर शेणखत, मूठभर बोनमील, किंवा हाडाचं खत चालत नसेल तर चमचाभर सुपर फॉस्फेट, आणि भरपूर पाणी. फेब्रुवारीत नव्या फुटीबरोबरच कळ्या येतात, मोगऱ्याची कळी नव्या फुटीलाच लागते. ऊन मात्र पाच-सहा तास थेट हवं. कुंडी ग्रिलच्या आत असेल तर जानेवारीपासूनच गच्चीवर न्या, सोसायटीत परवानगी काढावी लागली तरी काढा.